कुलंटच्या बाटलीचं खातं हललं पाहिजे

मी चिपळूणला एका पतसंस्थेत हिशेब बघते. दिवसभर लोकांची खाती चाळून एक खोड लागली आहे. एखादं खातं महिनोन्‌महिने जसंच्या तसं पडलेलं दिसलं, ना जमा ना नावे, की मी ते दोनदा बघते. ही खोड मी माझ्या गाडीच्या कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीच्या बाबतीत वापरली नाही, आणि मे महिन्यात कुंभार्ली घाटात अडकले.

माझं माहेर कऱ्हाडचं. महिन्यातून दोनदा तरी घाट चढणं आलंच. गाडी बारा वर्षांची, पेट्रोलची, लहान. दर रविवारी सकाळी बोनेट उघडून इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि कुलंट बघायचं हा माझा नेम. चार महिने कुलंट अगदी ‘फुल’च्या रेघेवर. तसूभर इकडेतिकडे नाही. मला त्याचं कौतुकच वाटायचं. त्या दिवशी पोफळी मागे टाकून चार वळणं चढले असेन, तर तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर निघाला. एसी बंद केला, तरी थांबेना. रस्त्याकडेला रुंद जागा बघून गाडी घेतली, बोनेट उघडलं, तर बाटली भरलेली. पाणी तर आहे, मग झालं काय, म्हणून रेडिएटरच्या, म्हणजे तापलेलं कुलंट थंड करणाऱ्या जाळीच्या, झाकणाकडे हात गेला आणि मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, “ताई, हात नका लावू त्याला! तोंड भाजून घ्याल!”

पाऊण तास आम्ही सावलीत बसलो. मग त्यानेच फडकं गुंडाळून झाकण उघडलं. आत बघितलं तर रेडिएटरच्या नळ्या कोरड्या दिसत होत्या. त्याच्याकडच्या कॅनमधलं अडीच लिटर पाणी त्यात गेलं, आणि शेजारची बाटली तशीच शहाण्यासारखी ‘फुल’वर.

दुसऱ्या दिवशी आमच्या मेस्त्रींनी सगळं उलगडून दाखवलं. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची, म्हणजे जाड रबरी नळीची, क्लिप सैल झाली होती, तिथून थेंब थेंब जात होतं. गरम इंजिनवर ते वाळून जायचं, त्यामुळे खाली जमिनीवर काही दिसायचं नाही. दुसरीकडे रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं, आणि तिथून बाटलीकडे जाणारी बारीक नळी मानेशी, म्हणजे झाकणाखालच्या तोंडाशी, तडकली होती. म्हणजे रेडिएटर रिकामा होत होता, पण बाटलीतलं त्याला मिळत नव्हतं. “बाटली भरलेली असून काय उपयोग?” मेस्त्री म्हणाले. “ती वरखाली व्हायला हवी.”

हे कसं, ते एकदा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिन तापलं की कुलंट फुगतं, दाब वाढतो. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं कुलंट बारीक नळीतून बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की कुलंट आक्रसतं, आत पोकळी होते, झाकणातला दुसरा छोटा पडदा उघडतो आणि बाटलीतलं कुलंट परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. म्हणून तापल्यावर बाटलीतली पातळी चढते आणि सकाळी खाली येते. झाकणाचं रबर गेलं किंवा नळी फुटली, तर कुलंटऐवजी हवा ओढली जाते. एकदा रेडिएटरमध्ये हवा शिरली, की फुगणाऱ्या कुलंटला आतच जागा मिळते, बाहेर काही येत नाही, आणि बाटलीची पातळी स्थिर. अगदी माझ्या बाटलीसारखी.

आता माझी पद्धत सांगते.

आधी आपल्या गाडीत दोनपैकी कोणता प्रकार आहे ते ओळखा. एका प्रकारात रेडिएटरवर स्वतःचं धातूचं झाकण असतं आणि बाजूला साध्या टोपणाची प्लास्टिकची बाटली असते. या बाटलीत दाब नसतो, ती फक्त साठा सांभाळते. माझी गाडी अशी. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला झाकणच नसतं. जाड प्लास्टिकचा गोलसर डबा असतो, त्याला जाड आट्यांचं टोपण आणि त्यावर इशाऱ्याचं चिन्ह. इथे तो डबाच दाबाखाली असतो, त्यामुळे त्याचं टोपण गरम असताना उघडणं म्हणजे रेडिएटरचंच झाकण उघडणं. कित्येकांना वाटतं प्लास्टिकचं आहे म्हणजे निर्धोक. तसं अजिबात नाही.

आणि ही बाटली काच धुण्याच्या पाण्याच्या बाटलीपासून वेगळी ओळखा. हसू नका. आमच्या भाच्याने एकदा मोठ्या उत्साहाने कुलंटच्या बाटलीत शॅम्पूचं पाणी ओतलं होतं. नशीब, गाडी चालू करण्याआधी सांगितलं, नाहीतर सगळीकडे फेस. काचेच्या पाण्याच्या टोपणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं. कुलंटवर लाटांमध्ये उभा थर्मामीटर, किंवा नुसता गरम असल्याचा इशारा.

पातळी बघायची ती सकाळी, गाडी चालू करण्याआधी, सपाट जागेवर. आमची गल्ली उताराची आहे, तिथे गाडी नाक खाली करून उभी असली की बाटली वेगळंच सांगते. म्हणून मी शनिवारी रात्री येतानाच गाडी गेटाजवळच्या फरशीवर लावते. जुन्या बाटल्या उन्हातान्हाने पिवळ्या पडतात, आतली रेघ दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मागून धरायचा आणि दुसऱ्या हाताने गाडीला हलकासा धक्का द्यायचा. आत पाणी हललं की पातळी लगेच कळते. नुसतं बघून बऱ्याचदा आपण जुन्या डागालाच पाण्याची रेघ समजतो. माझ्या बाटलीवर ‘लो’ आणि ‘फुल’ आहे, काहींवर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’. पातळी दोन्हींच्या मध्ये हवी. मी सकाळच्या पातळीवर बाहेरून नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवली आहे, ती पेनासारखी पुसत नाही.

घाटातल्या प्रसंगानंतर जोडलेली गोष्ट इथे येते. त्याच दिवशी गाडी अर्धा तास फिरवून आले की बोनेट उघडून, काहीही न उघडता, पातळी परत बघते. माझ्या गाडीत ती साधारण बोटभर चढते. तुमच्यात थोडी कमीजास्त असेल, पण चढली पाहिजे, आणि दुसऱ्या सकाळी परत नेलपॉलिशच्या रेघेवर आली पाहिजे. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आहे. त्यात तारीख, किलोमीटर, थंड पातळी, गरम पातळी. चार खाने, दुसरं काही नाही. चढली आणि उतरली, तर व्यवहार सुरळीत. चढली पण सकाळी रेघेपेक्षा वरच राहिली, तर परत ओढलं जात नाहीये, झाकण आणि नळी बघा. सकाळची पातळी आठवड्यामागून आठवडे खाली चालली, तर गाडी पाणी खातेय, गळती शोधा. आणि मुळीच हलली नाही, तर ताबडतोब रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. अर्थात पूर्ण थंड असताना.

ते झाकण महिन्यातून एकदा तसंही उघडायचं. फडकं घेऊन, दाबून, पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं आणि थांबायचं. जराही फुस्स आवाज आला तर तिथेच सोडून द्यायचं. आवाज नसेल तर परत दाबून पूर्ण काढायचं. कुलंट मानेपर्यंत दिसलं पाहिजे. झाकण उलटं करून रबर बघा: मऊ असावं, नखाने दाबलं तर परत वर यावं. मधली छोटी चकती नखाने ओढून सोडली की टचकन बसली पाहिजे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. नवीन घेताना तोच आकडा घ्या. जास्त आकड्याचं घेतलं म्हणजे जास्त चांगलं, असं इथे चालत नाही, दुसरीकडे होज फुटायचा. मला नवं झाकण अडीचशे रुपयांच्या आत पडलं. नळीचे तर पैसेच घेतले नाहीत, मेस्त्रींनी जुन्या तुकड्यातून कापून लावली.

ही दाबाची भानगड कशासाठी, तर पाणी उशिरा उकळावं म्हणून. उघड्या भांड्यात समुद्रसपाटीला पाणी १०० अंशाला उकळतं. ०.९ च्या झाकणाखाली तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यात निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कुलंटमधलं मुख्य रसायन, असेल तर आणखी थोडं वर. झाकण गेलं की ही सगळी सवलत गेली.

आता आत घालायचं काय. कोकणात गोठण्याची भीती कुठे, मग साधं पाणी का नको, असं माझे सासरे कायम म्हणायचे. आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, हा त्यांचा दाखला. पाणी जिभेला गोड लागलं म्हणजे त्यात क्षार नाहीत असं नव्हे. गिझरची कॉइल काढून बघा, तिच्यावर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय कुलंटमध्ये गंज धरू न देणारी रसायनं असतात, ती साध्या पाण्यात नाहीत. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ते लडाखला जाणाऱ्यांना हवं. आपल्याला हवी ती गंजापासूनची राखण आणि उशिरा उकळणं.

दुकानात दोन तऱ्हेचे डबे मिळतात. एक तयार, सरळ ओतायचा. दुसरा घट्ट, त्यात पाणी मिसळावं लागतं, आणि किती ते डब्यावर छापलेलं असतं. कुठे एकास एक, कुठे एकास तीन. अंदाजाने करू नका, डब्यावरचं वाचा. मिसळायला डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी घ्या, म्हणजे बॅटरीत घालतात ते. पाच लिटरचा कॅन मिळतो. पेला वेगळा ठेवा, आणि आधी कॅनमध्ये मिसळून मग ओता.

रंगावर जाऊ नका. हिरवं, निळं, गुलाबी, लाल, केशरी, सगळे रंग नुसते घातलेले आहेत. एका कंपनीचं गुलाबी आणि दुसरीचं गुलाबी आतून वेगळं असू शकतं. गाडीच्या पुस्तिकेत कोणत्या जातीचं कुलंट लागतं ते दिलेलं असतं, तेच आणा. दोन वेगळ्या जाती एकत्र आल्या की कधी गाळ धरतो, कधी गंज रोखणारी रसायनं एकमेकांना निष्प्रभ करतात. माझ्या बोनेटच्या आत मी पांढऱ्या पट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय: कोणतं घातलं, कधी घातलं. पुढच्या मेस्त्रीला विचारायची गरज नाही.

टाकताना ‘लो’ आणि ‘फुल’च्या मध्येच थांबा. काठोकाठ भरलं तर तापल्यावर फुगायला जागा राहत नाही, बाहेर सांडतं आणि आपल्याला वाटतं गळती आहे. आणि वारंवार टाकावं लागत असेल तर टाकणं हा उपाय नाही. कुलंट बाष्प होऊन उडून जाणारं नाही, कुठेतरी वाट आहे. वर्षातून एखाद-दोन वेळा थोडंसं घालणं वेगळं, महिन्याला अर्धा लिटर वेगळं.

रंग बघायला मी औषधाची १० मिलीची सिरिंज ठेवली आहे, सुईशिवाय. बाटलीतून थोडं ओढायचं आणि पांढऱ्या बशीत सोडायचं. ती बशी आणि सिरिंज पुन्हा स्वयंपाकघरात येत नाहीत. पारदर्शक आणि रंगीत असेल तर ठीक. तपकिरी, गढूळ, तळाशी वाळूसारखे कण, म्हणजे गंज धरलाय, सगळं बदलायची वेळ झाली. वर तेलाचे थेंब तरंगत असले, किंवा चहात जास्त दूध पडल्यासारखं दिसलं, तर प्रकरण गंभीर. इंजिन ऑइलच्या टोपणाखालीही बघा. तिथेही पिवळसर लोण्यासारखं काही चिकटलं असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमधलं तेल आणि कुलंट वेगळं ठेवणारी पट्टी, गेलं असण्याचा संशय घ्या, आणि गाडी चालवत न नेता टो करून न्या. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गोडसर वास येत असेल तरी तेच.

२०२१ च्या पुरात २२ जुलैला आमच्याकडे पाणी बोनेटपर्यंत आलं होतं. तेव्हा मेस्त्रींनी इंजिन, वायरिंग सगळं बघितलं, आणि बाटली खोलून दाखवली. तळाला दोन बोटं गाळ. साध्या टोपणाच्या बाटलीत पाणी वरून शिरतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. पुरातून गाडी गेली असेल तर बाटली धुतल्याशिवाय सोडू नका.

धुण्याची युक्ती घरचीच आहे. इंजिन थंड असताना बाटलीचे एक-दोन बोल्ट काढायचे, नळी सोडवायची. आत मूठभर कच्चे तांदूळ, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. तोंड बंद करून हलवायची, लोणच्याची बरणी धुताना हलवतो तशी. तांदूळ कोपऱ्यातली चिकटी काढतात, आणि प्लास्टिकला ओरखडे पडत नाहीत. नंतर साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी, शेवटी एकदा बॅटरीचं पाणी. तांदळाचा एकही दाणा आत राहू देऊ नका, मी प्रकाशात धरून बघते. लावताना बारीक नळीचं टोक बाटलीच्या तळाजवळ बुडालेलं हवं. वर राहिलं तर परत हवाच ओढणार.

गळती शोधायला रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. एसीचं पाणी पडतं ते स्वच्छ आणि पातळ, त्याची काळजी नको. कुलंटचा डाग रंगीत, बोटाला बुळबुळीत. माझ्यासारखी न दिसणारी गळती असेल तर होज आणि क्लिपांच्या जोडांवर, वॉटर पंपाच्या खाली, रेडिएटरच्या कडांना वाळलेला रंगीत किंवा पांढरट पापुद्रा शोधा. आतल्या बाजूला शेजारच्या सीटसमोरची चटई ओली आणि समोरची काच आतून तेलकट धूसर होत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. होज थंड असताना दाबून बघा. फुगलेला, फार मऊ किंवा चिरा पडलेला असेल तर घाटावर जायच्या आधीच बदला.

आणि घाटात तापलीच तर. काटा चढायला लागला की एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. मे महिन्यात अंगाची लाही होते, पण इंजिनची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तरी चढतोय, लाल दिवा लागला, किंवा बोनेटमधून वाफ दिसली, तर बाजूला घेऊन इंजिन बंद. लगेच बोनेट उचलू नका, वाफ ओसरू द्या. नव्या काही गाड्यांना काटाच नसतो, फक्त दिवा. निळा म्हणजे अजून थंड, लाल म्हणजे थांबा. बोनेट उघडल्यावर ओढणी, पदर, हात पंख्यापासून लांब. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो. पाऊण तास तरी झाकणाला हात नाही, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, ब्लॉकला तडा जाऊ शकतो. अडीअडचणीला पिण्याचं बाटलीबंद पाणी घालून गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. नंतर ते काढून व्यवस्थित कुलंट भरून घ्या. विसरलात, तर पुढच्या पावसाळ्यात गंजाच्या रूपाने आठवण येते.

पूर्ण कुलंट बदलणं मी मेस्त्रींवरच सोडते. किती दिवसांनी, ते पुस्तिकेत असतं. जुन्या जातीच्या कुलंटला दोन-तीन वर्षं, नव्या टिकाऊ जातीला पाच किंवा त्याहून जास्त. एवढंच बघते की भरल्यावर हवा काढली का. हीटर गरमवर ठेवून गाडी चालू ठेवायची, वरचा होज हळूहळू दाबायचा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत. दुसऱ्या सकाळी पातळी थोडी उतरतेच, ती गळती नव्हे, आत राहिलेली हवा निघून गेली. तेवढं भरायचं आणि नेलपॉलिशची रेघ नव्याने मारायची.

काढलेलं कुलंट गटारात किंवा अंगणात ओतायचं नाही. चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. माझा उरलेला डबा गॅरेजच्या दारामागच्या वरच्या फळीवर असतो, आमचा बोका पोचणार नाही अशा जागी. जुनं कुलंट मी डब्यात बंद करून मेस्त्रींकडे देते, त्यांच्याकडे जुन्या तेलाशेजारी त्याचा वेगळा पिंप आहे.